पहिल्या डीएसएलआरची रचना कशी जोखावी

स्वस्त डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) निवडताना बहुतेक जण मेगापिक्सेलपासून सुरुवात करतात. परंतु २०१८ साली आलेले कॅननचा ईओएस १५००डी आणि निकॉनचा डी३५०० हे दोन्ही सुमारे २४ मेगापिक्सेलचेच असल्याने त्या आकड्यावरून काहीही ठरत नाही. रचनेतला फरक कळण्यासाठी दोन्ही कॅमेरे एकापाठोपाठ हातात घेऊन एकच काम करून पाहावे लागते.

कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळे आपण ठरवायच्या पद्धतीवर ठेवावा आणि व्ह्यूफाइंडरवरचा (दृश्य पाहायच्या खिडकीवरचा) डोळा न काढता शटरचा वेग, ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) व आयएसओ (प्रकाशाला दिलेला प्रतिसाद, जो उजेड बदलला की बदलावा लागतो) बदलून पाहावे. दोन्हींना ही मूल्ये बदलणारी प्रत्येकी एकच डायल असल्यामुळे ॲपर्चरसाठी एक बटण दाबून धरून ती फिरवावी लागते. कॅननमध्ये बटण अंगठ्याकडे आणि डायल तर्जनीकडे आहे, निकॉनमध्ये नेमके उलट. यांत सवयीचाच प्रश्न आहे. आयएसओची गोष्ट मात्र वेगळी. कॅननमध्ये त्यासाठी मागे स्वतंत्र बटण आहे, तर आधीच्या डी३४००वरचे एफएन (आपल्याला हवे ते काम नेमून देता येणारे) बटण डी३५००मध्ये काढून टाकल्याने ‘आय’ बटण दाबून पडद्यावरच्या यादीत शिरावे लागते. लग्नाच्या हॉलमधून वरातीबरोबर उन्हात येणाऱ्याला हा वळसा फार जाचतो, आणि माझ्या मते ती निकॉनची खरी चूक आहे.

पकडीत मात्र निकॉन सरस आहे. बॅटरी व कार्डासह तो ४१५ ग्रॅम भरतो, १५००डी ४७५ ग्रॅम. पण वजनापेक्षा ग्रिपची खोली महत्त्वाची, म्हणून किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स) लावून कॅमेरा दहा मिनिटे एका हातात धरावा आणि करंगळीला आधार मिळतो का ते पाहावे. सीपा या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या प्रमाणित चाचणीनुसार एका चार्जमध्ये निकॉन १५५० आणि कॅनन ५०० छायाचित्रे देतो. दोन्हींच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा ९५ टक्केच भाग दिसतो. चष्मा असणाऱ्यांनी त्याचे चारही कोपरे दिसतात का, हे तपासावे.

शेवटी कंपनीने काटकसर कुठे केली ते शोधावे. कॅननच्या याहून स्वस्त ३०००डीचा लेन्स माउंट (लेन्स बसवायची कडी) प्लास्टिकचा आहे, जे हलक्या किट लेन्ससाठी चालून जाईल. परंतु १५००डीच्या हॉट-शूमधला (वरच्या बाजूला फ्लॅश बसवायच्या खाचेतला) मधला गोल संपर्कबिंदू काढून टाकल्यामुळे त्याच्यावर इतर कंपन्यांचे साधे, स्वस्त मॅन्युअल फ्लॅश उडत नाहीत, आणि हीच काटकसर शिकणाऱ्याला सर्वांत महाग पडते. म्हणून दुकानात हॉट-शूवर झाकण असल्यास ते काढून तो बिंदू आहे का, ते स्वतः पाहावे.