कोरड्या मटकीत जीव असतो का? घरी तपासण्याची रीत

आठ महिने डब्यात पडून असलेला मटकीचा दाणा हलत नाही, वाढत नाही आणि दिसेल असे काही खातपीतही नाही. शालेय पुस्तकातील सजीवांची लक्षणे त्याला लावून पाहिली, तर तो खड्याच्या पंक्तीत जाऊन बसतो. तरीही रात्री भिजत घातला की दुसऱ्या दिवशी त्याला मोड येतो. जीव मोडाबरोबर आत आला, की तो आधीपासूनच तिथे होता? घरातील मुलाने हे विचारले, तर तयार उत्तर देण्याऐवजी पुढील प्रयोग त्याच्याकडून करून घ्यावा.

सुरुवातीलाच वहीच्या तीन वेगळ्या पानांवर तीन प्रश्न लिहावेत: दाणा उगवतो का, दाणा श्वसन करतो का, आणि दाण्यात जीव आहे का. पहिल्या दोहोंची उत्तरे प्रयोगातून मिळतात. तिसऱ्याचे उत्तर ‘जीव’ या शब्दाचा अर्थ कोण काय करतो यावर अवलंबून असते, आणि या विषयावरचे घरगुती वाद बहुधा ही तीन पाने एकमेकांत मिसळल्यामुळेच होतात, असे माझे मत आहे.

पहिल्या पानासाठी मटकीचे १०० दाणे मोजून घ्यावेत आणि आठ-दहा तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. दुसरे १०० दाणे दहा मिनिटे उकळून, थंड करून, तसेच वेगळ्या फडक्यात बांधावेत; तिसरे १०० कोरड्या तव्यावर चांगले भाजून मग भिजवावेत. दीड दिवसाने प्रत्येक पुरचुंडीतील मोड आलेले दाणे मोजावेत. शेतकरी पेरणीपूर्वी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवणक्षमता तपासतात, आणि ७० किंवा त्याहून अधिक उगवले तर ते बियाणे पेरण्याजोगे धरतात. ही रीत तीच आहे. भाजलेला व उकळलेला दाणा रंगरूपाने मूळ दाण्याच्या जवळ असतो, त्याच्यातील पिष्ट आणि बहुतेक द्रव्येही तिथेच असतात, पण उष्णतेने त्याच्या प्रथिनांची घडी विस्कटलेली असते व पेशींची पटले फाटलेली असतात. म्हणजे साहित्य जवळजवळ तेवढेच, पण मांडणी मोडलेली. मुलाला येथे थोडे थांबवावे, कारण संपूर्ण प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

दुसऱ्या पानासाठी दोन थर्मास घ्यावेत. एकात भिजवून निथळलेली कच्ची मटकी आणि दुसऱ्यात उकळून पूर्ण थंड केलेली मटकी अर्ध्यापर्यंत भरावी. दाण्यांना हवा लागते, म्हणून झाकण घट्ट न लावता कापसाचा बोळा बसवावा आणि त्यातून प्रयोगशाळेतील साधा तापमापक आत सोडावा. तापाचा तापमापक चालत नाही, कारण त्याचे आकडे ३५ अंशांच्या आसपास सुरू होतात. सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवली की श्वसनातून निघणाऱ्या उष्णतेने कच्च्या मटकीचे तापमान काही अंशांनी चढलेले दिसते. दीड दिवसाच्या पुढे मात्र प्रयोग लांबवू नये. उकळलेल्या दाण्यांवर बुरशी व जिवाणू वाढू लागतात, त्यांच्या श्वसनाने तो थर्मासही तापतो, आणि मेलेला दाणा जिवंत असल्याचा खोटा पुरावा वहीत उतरतो.

श्वसनाची दुसरी खूण चुन्याच्या निवळीतून मिळते. पानाचा चुना हरभऱ्याएवढा घेऊन बाटलीभर पाण्यात हलवावा, रात्रभर ठेवावा आणि वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यावे. तीन बरण्यांत या निवळीची एकेक लहान वाटी ठेवावी. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत उकळलेली, तिसरी रिकामी, आणि झाकणे लावावीत. श्वसनातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे काही तासांत पहिल्या वाटीतील निवळी सर्वांत जास्त गढूळ होते. रिकामी बरणी हवीच, कारण हवेतील थोड्या कार्बन डायऑक्साइडनेही निवळीवर पातळ साय धरते. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि प्रयोगातील मटकीची उसळ करू नये.

कोरड्या दाण्याचे श्वसन या साधनांना दिसत नाही. त्यात पाणी इतके कमी असते की पेशींतील द्रव काचेसारखा घट्ट झालेला असतो आणि रासायनिक क्रिया जवळपास थांबलेल्या असतात. इस्रायलमधील मसाडा येथील उत्खननात सापडलेले सुमारे २००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये लावले असता उगवले. तेव्हा विज्ञानाच्या भाषेत दाण्याला ‘जिवंत, पण थांबलेला’ म्हणणे योग्य ठरते.

आता तिसरे पान. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाकडून, श्वेतकेतूकडून, वडाचे फळ फोडून घेतो, मग त्यातले बी फोडून घेतो आणि आत काय दिसते ते विचारतो. मुलगा ‘काहीच नाही’ म्हणतो, तेव्हा त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच हा वड उभा आहे, असे बाप सांगतो. जैन मताप्रमाणे वनस्पती हा केवळ स्पर्श जाणणारा एकेंद्रिय जीव आहे. येथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: साठवलेल्या धान्याची उगवण्याची शक्ती किती टिकते, याची मुदत भगवतीसूत्र हा जैन आगमग्रंथ सांगतो, ती भात-गव्हाला जास्तीत जास्त ३ वर्षे, मूग-उडदासारख्या कडधान्यांना ५ आणि जवसासारख्या बियांना ७ वर्षे. हिंसा टाळण्यासाठी विचारलेला प्रश्न येथे पहिल्या पानावरच्या प्रश्नाला जाऊन मिळतो. म्हणून घरात कोणी नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवत असेल किंवा मोड आलेले कडधान्य वर्ज्य मानत असेल, तर त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत या पानावर लिहून घ्यावे. तापमापकाने आत्मा सिद्ध होत नाही व खोडूनही निघत नाही.

शेवटी पहिल्या पुरचुंडीतील गणंग वेचावेत. भिजूनही न फुगलेल्या या दाण्यांना लगेच मेलेले समजू नये. पुष्कळदा त्यांचे टरफलच पाणी आत घेत नाही. त्यांना वाळूच्या कागदावर हलके घासून पुन्हा रात्रभर भिजवावे. त्यांतील काही फुगून मोड धरतात. जे तरीही तसेच राहतील, त्यांच्यापुढे पहिल्या पानावर ‘उगवले नाही’ एवढेच लिहावे.