हृदयाच्या झडपेची स्लाइड: काप कसा घ्यायचा, थर कसे ओळखायचे

झडपेची स्लाइड बिघडते ती बहुतेक वेळा ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना पाहून त्याचे काप घेण्याच्या, टेबलावरच. महाधमनीच्या झडपेची निरोगी पाकळी 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि तेवढ्यात तीन थर बसलेले असतात. ती पॅराफिनच्या (मेणाच्या) ब्लॉकमध्ये आडवी पडली की ब्लेड थरांमधून तिरकं जातं. मग स्टेन कितीही सुरेख होवो, थरांचा क्रम लागत नाही.

संसर्गाची शंका असेल तर कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याचा) तुकडा फॉर्मॅलिनच्या आधीच बाजूला काढा. बाकीची ऊती तिच्या आकारमानाच्या किमान 10 पट, 10 टक्के तीव्रतेच्या न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये साधारण 24 तास ठेवा. मोकळ्या काठापासून बुडापर्यंत सरळ काप घ्या, रक्त येतं त्या बाजूला शाई लावा आणि पट्टी पॅराफिनमध्ये कडेवर उभी करा. महाधमनीच्या पाकळीच्या काठाचा ऐन मध्य टाळा. तिथली अरँटियसची गाठ मुळातच जाड असते आणि ती फायब्रोसिस (तंतू वाढून आलेला घट्टपणा) समजली जाते.

पाकळी खरखरीत लागली तर कॅल्शियम काढावं लागेल. ईडीटीए (कॅल्शियम बांधून काढणारं रसायन), पीएच 7.2 ते 7.4, हे सावकाश काम करतं, पण वाट पाहणं परवडतं: तीव्र आम्लात जास्त वेळ राहिलेली केंद्रकं हिमॅटॉक्सिलिन हा रंग घेतच नाहीत.

सेक्शन 4 ते 5 मायक्रॉनचे. नुसत्या एच अँड ईवर (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या स्टेनवर) थांबू नका, त्यात कोलॅजन (मजबूत तंतू) आणि इलॅस्टिन (लवचिक तंतू) दोन्ही गुलाबी. मोवाट पेंटाक्रोम या बहुरंगी स्टेनमध्ये कोलॅजन पिवळं, स्पॉन्जिओसा हा मधला थर निळसर हिरवा, इलॅस्टिन काळं. इलॅस्टिनचा व्हर्होफ स्टेन वापरत असाल तर जादा रंग काढणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये स्लाइड काही सेकंदच बुडवा आणि दर वेळी मायक्रोस्कोपखाली तपासा; बारीक इलॅस्टिन तंतू सर्वांत आधी धुऊन जातात.

आता वाचन. रक्त ज्या बाजूने येतं तिकडे इलॅस्टिन, पलीकडे कोलॅजनचा फायब्रोसा, मध्ये मऊ स्पॉन्जिओसा. म्हणून महाधमनीच्या झडपेत फायब्रोसा महाधमनीकडे, इलॅस्टिनचा थर, म्हणजे व्हेंट्रिक्युलॅरिस, व्हेंट्रिकलकडे (खालच्या कप्प्याकडे). मायट्रल झडपेत तोच थर, म्हणजे एट्रिॲलिस, एट्रियमकडे (वरच्या कप्प्याकडे) आणि फायब्रोसा व्हेंट्रिकलकडे. महाधमनीच्या पाकळीत फायब्रोसातले कोलॅजनचे जुडगे एका कमिशरकडून (शेजारच्या पाकळ्या जिथे जुळतात त्या जागेकडून) दुसऱ्याकडे धावतात, त्यामुळे आधी सांगितलेल्या काठ-ते-बूड कापात ते तुटक, ठिपक्यांसारखे दिसतात. काठाला समांतर आणखी एक काप घेऊन ध्रुवीकृत प्रकाशात पाहा: चमकत्या लाटांच्या ओळी दिसतील. झडप मिटून ताण आला की याच लाटा उलगडतात आणि पाकळीला ताणायला जागा देतात.

स्पॉन्जिओसा फुगून फायब्रोसात घुसला असेल, तर तो मिक्सोमॅटस (ऊती मऊ, जेलीसारखी होण्याचा) बदल. थर पुसले गेलेत आणि जाड भिंतीच्या रक्तवाहिन्या पाकळीत दूरवर शिरल्यात, तर जुना दाह, विशेषतः रुमॅटिक (संधिवाती तापानंतरचा), मनात आणा. मात्र मायट्रलच्या बुडाशी थोड्या बारीक वाहिन्या निरोगी माणसातही सापडतात. वयानुसार साचणारं कॅल्शियम महाधमनीच्या झडपेत फायब्रोसातच सुरू होतं, बहुधा बुडाकडून. म्हणून काप बुडापर्यंत पोहोचलाच पाहिजे.