टायर मागचं झिजतंय आणि आपण पुढचं जुळवतोय

औंधच्या आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा 2 वर्षांचा कोर्स करून मी कात्रजजवळच्या एका गॅरेजात लागलो. त्याच पावसाळ्यात एक पांढरी हॅचबॅक आली. गाडी सरळ चालायची, पण स्टिअरिंग जरा उजवीकडे धरावं लागायचं. मी पुढच्या चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवायचं काम केलं आणि गाडी दिली. आठवड्याने परत आली. पुन्हा तेच केलं, पुन्हा परत आली. गाडीवाल्या दादांचा वेळ आणि पैसा दोन्ही गेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. नवीन पोरांसाठी हे लिहितोय ते त्यामुळेच.

तिसऱ्या वेळी आमच्या मिस्त्रीकाकांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. म्हणाले, "आधी दादांना विचार, चाक कुठं आपटलंय का." मी दोनदा गाडी हातात घेतली होती आणि हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. पावसात उतारावर गाडी घसरून मागचं डावं चाक फुटपाथच्या कडेला बसलं होतं. पुढे काही झालं नाही म्हणून दादांनीही ते सांगितलं नव्हतं.

मग काकांनी माझा हात धरून मागच्या डाव्या टायरवर आडवा फिरवला. बाहेरून आत गुळगुळीत लागलं, आतून बाहेर येताना करवतीच्या दातांसारखं टोचलं. असं टोचलं की समजायचं, चाक सरळ फिरत नाही, रस्त्यावर घासत चाललंय. बाहेरची कड तर निम्मी गेली होती. उजव्या टायरला यातलं काहीच नव्हतं.

आता चार चाकांचं माप घेतलं. डाव्या मागच्या चाकाचा टो-इन, म्हणजे चाकाचं पुढचं तोंड आत वळल्याचं माप, 0.60 अंश, उजव्याचा 0.10. म्हणजे वरून पाहिलं तर डाव्या चाकाचं तोंड जास्त आत, उजवीकडे वळलेलं. दोन्हींतल्या फरकाचं निम्मं, 0.25 अंश, हा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं मिळून गाडीच्या मधल्या रेषेपासून जेवढी तिरकी ढकलतात तो कोन. मागचा एक्सल गाडीची मागची बाजू उजवीकडे ढकलत राहतो, त्यामुळे नाक डावीकडे जायला बघतं आणि ड्रायव्हर स्टिअरिंग उजवीकडे धरून ते सावरतो. पुढची चाकं मागच्या रेषेला जुळवली तर स्टिअरिंग सरळ होतंही, पण गाडी तिरकीच चालते आणि मागचं टायर झिजायचं थांबत नाही. म्हणून मापांची प्रिंट हातात आली की मागच्या चाकांचे आकडे आधी वाचा.

आकडा चुकलाय म्हणून लगेच एक्सल वाकला असं धरू नका. रिम वाकलेली असू शकते. चाक वर उचला, रिमच्या कडेजवळ स्क्रू ड्रायव्हर स्थिर धरा आणि चाक फिरवा. अंतर कमी-जास्त झालं तर रिम किंवा हब, म्हणजे रिम ज्यावर बसते तो भाग, बघा. चाक डावीकडचं उजवीकडे लावून पाहा. चाकाबरोबर दोषही पलीकडे गेला तर दोष रिमचा. बेअरिंगची ढील, शॉकअपमधून गळलेलं तेल, स्प्रिंगचा तुटलेला खालचा वेढा, हे सगळं याच वेळी बघून घ्यायचं.

आमच्या गाडीत वाकला होता तो स्टब, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा. हा चार बोल्टांनी बीमला, म्हणजे मागच्या एक्सलच्या आडव्या लोखंडी भागाला बसतो, म्हणून तेवढाच बदलता आला. नाना पेठेतून नवा आणला आणि डावा आकडा 0.12 वर आला. आकडा तरीही हलला नसता तर बीमच वाकलाय असं मानून तो बदलायचा. तापवून, ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका. सरळ झालेला बीम डोळ्याला बरा दिसतो, पण त्याचा कस गेलेला असतो, आणि त्या गाडीत घरची माणसं बसणार असतात.

बहुतेक हॅचबॅकला मागे असाच बीम असतो. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला की बीम खाली येतो आणि स्प्रिंग सुटून पडू शकते. बीमखाली जॅक हवा, गाडीखाली घोड्या, म्हणजे वजन पेलणारे लोखंडी स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. बीम खाली सोडताना ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ते डोळ्यांनी बघायचं.

सर्वांत जास्त काम परत येतं ते बुशमुळे, म्हणजे बीम गाडीला जिथे बसतो तिथल्या रबरी जोडामुळे. बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट कसला की नळी जागेवर पक्की होते आणि पुढे चाक वर-खाली झालं की पीळ रबराला बसतो. गाडी वर टांगलेली असताना कसलं तर ती खाली आल्यावर रबर कायमच पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानेच लावा, चाकांवर गाडीचं वजन येऊ द्या, मग टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने कसता येणाऱ्या पान्याने, कसा. मी एका गाडीला ते टांगत्या स्थितीत कसले होते. काकांनी सगळे ढिले करून पुन्हा करायला लावले, दुपारचं जेवण साडेचारला झालं.

गाडी देताना एक गोष्ट दादांना आधीच सांगितली. झिजलेलं टायर तसंच ठेवलंत तर मागून घूं आवाज येत राहील. तो बेअरिंगसारखाच वाटतो, आणि तेवढ्यावरून कुणी चांगलं बेअरिंग काढून टाकतो. मागची टायरं बदलल्यावर आवाज राहिला तरच बेअरिंग बघायला या.