कार-टीसाठी कोल्हापूरहून निघण्याआधी

कार-टी म्हणजे ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कॅन्सरवरचा उपचार. त्यासाठी निघायचं तर पहिलं काम फाइलचं. बोन मॅरोचे रिपोर्ट, आधीच्या केमोचे कागद, डिस्चार्ज कार्डं तारखेप्रमाणे लावा. फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींवरच्या खुणा तपासणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट सगळ्यात वर. ल्युकेमियाच्या पेशींवर सीडी१९ ही खूण आहे का, ते डॉक्टर त्यात बघतात. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, लॅबमध्ये त्यांना ती खूण ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये परवानगी मिळाली ती १५ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी. मूल लहान असेल तर निघण्याआधीच फोनवर विचारा.

स्टेरॉइडची गोळी चालू असेल, अगदी दम्यासाठी का असेना, तर पेशी काढण्याआधी सांगायलाच हवं, कारण त्याने टी-पेशी मार खातात. मनाने मात्र बंद करू नका. पुढे मूल हवं असेल तर वीर्य किंवा स्त्रीबीज साठवायचं आत्ताच विचारा, यात लाजायचं काही नाही. पावसाळ्यात पंचगंगा फुगली की शिरोलीजवळ हायवे बंद पडतो, २०१९ आणि २०२१ला पडलाच होता. तेव्हा तारखेच्या बरेच आधी निघा.

पेशी काढायला काही तास पुरतात, तयार व्हायला आठवडे जातात, आणि त्या सोडल्यावरही साधारण महिनाभर हॉस्पिटलजवळ राहावं लागतं. म्हणून सोबत कोण राहणार हे घरात बसून नीट ठरवा. रोज नवा माणूस नको. रुग्णाला ओळखणारं, बारीक फरक टिपणारं एकच माणूस हवं. त्याच्याकडे थर्मामीटर आणि वही द्या. वहीत रुग्णाकडून रोज सकाळी एकच वाक्य लिहून घ्यायचं: ‘माझं गाव कोल्हापूर.’ अक्षर बिघडलं, शब्द सुचेना, तर मेंदूवर परिणाम सुरू झालेला असू शकतो. नर्सला लगेच हाक मारा. ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका. त्याच पेशींनी पेटवलेला तो दाह असू शकतो, आणि त्यावर टोसिलिझुमॅबसारखं औषध वेळेत दिलं तर उपयोग होतो.

परतताना गावातल्या डॉक्टरांसाठी पत्र मागून घ्या: कार-टी कधी झाली, रक्त चढवायचं झालं तर इरॅडिएट केलेलंच, म्हणजे किरणांची प्रक्रिया केलेलंच, द्यायचं का, ताप आल्यास कुणाला फोन करायचा. गंगावेशीतलं धारोष्ण दूध, त्यावर कितीही जीव असला तरी, डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. आणि पेशी सोडल्यापासून आठ आठवडे गाडीची चावी घरच्यांकडे.