मंगळावर जीवसृष्टी शोधणारे उपकरण बनवताना या चुका टाळा

मंगळावरच्या मातीत जीव शोधण्यासाठी पाठवलेली उपकरणे बंद पडल्यामुळे फसली असे फारसे घडलेले नाही. ती चालली, त्यांनी आकडे पाठवले आणि त्या आकड्यांचे दोन-दोन अर्थ निघाले. रोव्हर स्पर्धेसाठी माती तपासणारा छोटा संच बनवणारे विद्यार्थी असोत किंवा यानाचा पेलोड (त्यावरचा उपकरणांचा संच) आखणारे अभियंते, त्यांची मोठी चूक सेन्सर निवडण्याच्या आधीच झालेली असते: ‘हेच उत्तर जीवाशिवाय आणखी कशामुळे येऊ शकेल?’ हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिलेला नसतो.

एकाच नियंत्रण चाचणीवर विसंबू नका

20 जुलै 1976 रोजी अमेरिकेचे व्हायकिंग-1 यान आणि त्याच वर्षी 3 सप्टेंबरला व्हायकिंग-2 मंगळावर उतरले. या यानांवरील गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात मातीवर किरणोत्सारी कार्बन-14 असलेल्या पोषक द्रावणाचे थेंब सोडताच किरणोत्सारी वायू बाहेर पडू लागला. तुलनेसाठी ठेवलेल्या नियंत्रण चाचणीत तीच माती आधी 160 अंश सेल्सिअसला तीन तास तापवली, तेव्हा हा प्रतिसाद जवळजवळ नाहीसा झाला. आधी ठरवलेल्या निकषानुसार हे जीवाचे लक्षण होते. मात्र दुसऱ्यांदा द्रावण सोडल्यावर वायू वाढण्याऐवजी काहीसा घटला, आणि वाढत्या सूक्ष्मजीवांकडून असे वर्तन अपेक्षित नसते. शेजारच्या दुसऱ्या प्रयोगात तर मातीला नुसते बाष्प लागताच ऑक्सिजन सुटला, आणि तो तापवून निर्जंतुक केलेल्या मातीतूनही सुटला.

यातली अडचण अशी की 160 अंशांची उष्णता सूक्ष्मजीवांना मारते, तशीच ती अस्थिर ऑक्सिडीकारक रसायनेही मोडून टाकते. म्हणून एकाच तापमानाची नियंत्रण चाचणी जीव आणि रसायन यांच्यात निवाडा करू शकत नाही. तापमानाच्या पायऱ्या ठेवाव्यात, आणि शक्य असेल तर पोषक द्रव्याची डावी आणि उजवी रूपे (एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेले रेणू) वेगवेगळ्या कुप्यांत द्यावीत, कारण पृथ्वीवरचे जीव या दोन रूपांत भेद करतात, साधी रासायनिक अभिक्रिया सहसा करत नाही. व्हायकिंगच्या द्रावणात ही दोन्ही रूपे एकत्र मिसळलेली होती. लेव्हिन यांनी पुढे याच सुधारणेचा आग्रह धरला, यावरून पहिल्या आराखड्यात काय राहून गेले होते ते कळते.

तापवण्याआधी मातीत काय आहे ते पाहा

व्हायकिंग यानांवरील गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर या वायू वेगळे करून रेणू ओळखणाऱ्या उपकरणांच्या जोडीने मातीचे नमुने 500 अंशांपर्यंत तापवले, तरी मंगळाची म्हणावीत अशी सेंद्रिय संयुगे सापडली नाहीत. सापडले ते क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन, आणि ते पृथ्वीवरच्या सफाईच्या द्रावकांचे अवशेष मानले गेले. 2008 मध्ये फिनिक्स यानाने उत्तर ध्रुवाकडच्या मातीत पर्क्लोरेट हा क्लोरीन आणि ऑक्सिजनयुक्त क्षार शोधला, आणि त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. पर्क्लोरेट थंडीत शांत असते, पण तापवले की ऑक्सिजन सोडते आणि जवळचे सेंद्रिय पदार्थ जाळते. 2010 मध्ये राफाएल नवारो-गोन्झालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या मातीत मॅग्नेशियम पर्क्लोरेट मिसळून ती तापवली, तेव्हा हीच दोन क्लोरीनयुक्त संयुगे निघाली. म्हणजे जे शोधायचे होते तेच भट्टीत जळत होते, ही शक्यता पुढे येण्यास चौतीस वर्षे लागली. व्हायकिंगच्या चमूला दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्या यानांवरचे एक्स-रे मापक मातीतली मूलद्रव्येच मोजत होते, पर्क्लोरेटसारखे क्षार ओळखणारे उपकरण त्यांच्याकडे नव्हते.

तुमच्या संचात भट्टी असेल, तर तिच्या आधी क्षारांची साधी चाचणी ठेवा आणि भट्टीची पारख पर्क्लोरेट मिसळलेल्या मातीवरच करा. युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरसाठी बनवलेल्या उपकरणात भट्टीच्या जोडीला लेझरचे अतिशय अल्प स्पंद वापरले आहेत. त्या क्षणार्धात पर्क्लोरेटला विघटन होऊन लुडबुड करायला वेळ मिळत नाही.

स्वतःचीच घाण मोजू नका

क्युरिऑसिटी रोव्हरच्या सॅम या प्रयोगशाळेत सेंद्रिय रेणू सहज ओळखता यावेत म्हणून ठेवलेल्या एका अभिकर्मकाची (अभिक्रियेसाठीच्या रसायनाची) वाफ गळत होती, आणि सुरुवातीच्या नमुन्यांत तिचेच घटक दिसू लागले. त्याच प्रयोगशाळेच्या लेझर मापकाच्या पुढच्या कप्प्यात प्रक्षेपणाआधी फ्लोरिडाची हवा शिरली होती, आणि तिच्यातला मिथेन मंगळाच्या मिथेनपासून वेगळा काढावा लागला. अशा वेळी चमूला वाचवते ती रिकामी फेरी: नमुना न घालता सगळी प्रक्रिया जशीच्या तशी चालवायची आणि तो आकडा आधी नोंदवायचा. पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरील नमुन्यांच्या 43 नळ्यांपैकी पाच याच हेतूने साक्षीदार म्हणून ठेवलेल्या आहेत. विद्यार्थ्यांच्या संचात रिकामी फेरी वेळेअभावी सर्वांत आधी गाळली जाते, आणि परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला मग उत्तर उरत नाही.

शेजारचा वायू विसरू नका

आपल्या मंगळयानावर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेला मिथेन सेन्सर होता; मिथेन हा जीवांमुळेही तयार होऊ शकणारा वायू आहे. तो चालला, पण मंगळाच्या वातावरणाचा सुमारे 95 टक्के भाग असलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या शोषणरेषांपासून (प्रकाश शोषल्याच्या खुणांपासून) मिथेनची क्षीण खूण त्याला विश्वासाने वेगळी करता आली नाही. त्याची मोजमापे पुढे पृष्ठभागाच्या परावर्तनाचा नकाशा काढण्यासाठी उपयोगी पडली. फिल्टर निवडताना शोधायच्या वायूच्या वर्णपटावर वातावरणातल्या मुख्य वायूचा वर्णपट ठेवून पाहिला नाही, तर सेन्सर कितीही संवेदनशील असला तरी त्याचा उपयोग नाही. संवेदनशीलता वाढवणे आणि भेद करण्याची क्षमता वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

माती पिठासारखी वागेल असे धरून चालू नका

फिनिक्सच्या भट्टीच्या जाळीवर मातीचे ढेकूळ बसले आणि आत जाईना. जाळी वारंवार हलवल्यावर ते आत गेले. बर्फमिश्रित माती तर फावड्यालाच चिकटून राहिली. उलट अनुभव 2021 मध्ये आला: पर्सिव्हिअरन्सने पहिल्यांदा खडक पोखरला तेव्हा तो इतका भुसभुशीत निघाला की नळी दगडाविना बंद झाली. त्यामुळे स्वच्छ, कोरड्या, चाळलेल्या वाळूवर केलेली चाचणी फारशी उपयोगाची नाही. महाराष्ट्रातल्या चमूंना लोणारचे विवर जवळ आहे. बेसाल्ट खडकात उल्काघाताने बनलेली विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत. तेथे नमुना घेण्यास परवानगी लागते. ती न मिळाल्यास दख्खनच्या साध्या बेसाल्टचा चुरा ओला करून, वाळवून, गोठवून पाहावा. जीवाने भरलेली शेतातली माती हाताशी असतेच, पण यंत्राची खरी परीक्षा जवळजवळ निर्जीव मातीत होते.

शेवटचा मुद्दा झाकणाचा. पर्सिव्हिअरन्सवरील सेंद्रिय रेणू शोधणाऱ्या शेरलॉक उपकरणाचे धूळझाकण जानेवारी 2024 मध्ये अर्धवट उघडे अडकले. चमूने त्याच्या छोट्या मोटरला ऊब दिली, रोबोचा हात वेगवेगळ्या दिशांना फिरवला, ड्रिलचा कंपही दिला, आणि मार्चमध्ये ते झाकण बाजूला झाले. आपल्या संचात असे झाकण असेल, तर ते उघडे अडकले आणि बंद अडकले, या दोन्ही अवस्थांत उपकरण काय मोजू शकेल, हे यंत्र जुळवण्याआधीच कागदावर लिहून ठेवावे.