फोनलाइनवरचं नेट मंदावलंय? मॉडेम बदलण्याआधी या चुका टाळा

आमच्या गावच्या घरी वर्षभर एकच तक्रार होती. नेट चालतं, पण रडतखडत. ४ एमबीपीएसचा प्लॅन आणि हातात येणार एक, फार तर सव्वा. नातीचा व्हिडिओ कॉल लागला की आईला तिच्या चेहऱ्याऐवजी नुसते चौकोन दिसायचे. आम्ही मॉडेम बदलला. मग स्प्लिटर, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणारी डबी, बदलला. मग लॅपटॉपवर खापर फोडलं. शेवटी एका रविवारी मी रोझेटपासून (बाहेरची फोनलाइन घरात जोडली जाते ती भिंतीवरची डबी) तार हाताने चाचपत निघालो आणि जिना चढून माळ्यावरच्या खोलीत पोचलो. तिथे कपाटामागे एक कॉर्डलेस फोनचा बेस होता, कित्येक वर्षं कुणी न वापरलेला. त्याची तार स्प्लिटरच्या आधीच, थेट रोझेटच्या स्क्रूवरून काढलेली होती. ती सोडवली, मॉडेम पुन्हा लाइनला लागू दिला, तर १४०० केबीपीएसच्या आसपास घुटमळणारा वेगाचा आकडा ४०९६ वर, म्हणजे पूर्ण ४ एमबीपीएसवर, जाऊन थांबला. खर्च शून्य. नवीन मॉडेमचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

त्यानंतर नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या घरी अशा बऱ्याच लाइनी पाहिल्या. बहुतेक ठिकाणी वस्तू बिघडलेली नसते. आपण चुकीच्या टोकापासून शोधायला लागतो, तिथे घोळ होतो.

आकडे न पाहता मॉडेम बंद-चालू करणं

नेट मंद झालं की पहिला हात स्विचकडे जातो. कधी कधी त्याने फरकही पडतो. पण मॉडेम बंद केला की त्या क्षणीची सगळी माहिती पुसली जाते आणि खरं दुखणं कुठे होतं ते कळत नाही. म्हणून आधी मॉडेमला लॅन केबलने संगणक जोडा, ब्राउझरमध्ये मॉडेमचा पत्ता टाका (बहुतेकांचा १९२.१६८.१.१ असतो) आणि स्टेटस किंवा डीएसएल नावाच्या पानावरचे तीन आकडे वहीत लिहून घ्या: लाइनचा वेग, एसएनआर मार्जिन आणि अटेन्युएशन.

अटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून (टेलिफोन केंद्रापासून) घरापर्यंत येताना सिग्नल किती झिजला. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेवर एका किलोमीटरला साधारण १४ डेसिबल धरा. आकडा ४२ असेल तर तुमची तार सुमारे ३ किलोमीटर फिरून आली आहे. रस्त्याने एक्स्चेंज दीड किलोमीटरवर का असेना, केबल कुठून वळसा घालून आली ते तीच जाणे. ३०च्या आत असेल तर लाइन उत्तम, ३० ते ४५ चांगली, ६०च्या पुढे गेली की १-२ एमबीपीएसच्या वर फारशी आशा धरू नये. हा आकडा घरात बसून सुधारता येत नाही. पण कालपर्यंत ३५ असलेला आज ५० दिसला, तर अंतर वाढलेलं नाही, कुठला तरी सांधा खराब झाला आहे.

एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती डोकं काढून आहे. ६च्या खाली गेला की लाइन तुटायला लागते. १०च्या वर असेल तर निर्धास्त राहा. घरातल्या चुका या आकड्यात सगळ्यात आधी दिसतात, म्हणून मी प्रत्येक बदलानंतर हाच बघतो.

दोन्ही आकडे ठीक आहेत आणि लाइनचा वेगही प्लॅनएवढा आहे? मग तुमची फोनलाइन निर्दोष आहे. दुखणं वायफायमध्ये, संगणकात किंवा प्लॅनमध्ये शोधा. लाइनमनला हाक मारून काही होणार नाही.

एक जास्तीची सूचना. मॉडेमच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटने युजरनेम-पासवर्ड जातो आणि व्हीपीआय-व्हीसीआयचे, म्हणजे मॉडेमने कंपनीशी कुठल्या वाटेने जोडायचं ते सांगणारे, आकडेही जातात. बीएसएनएलला ते ० आणि ३५, एमटीएनएलला ० आणि ३२ असे असतात. माहीत नसतील तर मंद का होईना चालणारं नेट पूर्ण बंद पडतं.

स्प्लिटरच्या आधी तार फोडणं

सगळ्यात जास्त घरांत सापडणारी चूक हीच. एकाच तांब्याच्या जोडीवरून दोन गोष्टी जातात. आपलं बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली. त्याच्या वर एडीएसएलचं (फोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटचं) अपलोड २६ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये, डाउनलोड १३८ ते ११०४ किलोहर्ट्झमध्ये. त्याचीच सुधारित आवृत्ती, एडीएसएल टू प्लस, असेल तर डाउनलोड थेट २२०८ पर्यंत जातं. स्प्लिटर ही नुसती जोडणीची डबी नाही. त्यात गाळणी असते, जी फोनकडे फक्त खालचा आवाज जाऊ देते. त्यावर तीन खाचा असतात: लाइन, फोन आणि मॉडेम. बाहेरून आलेली तार थेट लाइनच्या खाचेत गेली पाहिजे. घरातला दुसरा, तिसरा, देवघराशेजारचा, दुकानातला, सगळे फोन स्प्लिटरच्या फोनच्या खाचेतूनच पुढे निघाले पाहिजेत.

आपल्याकडे होतं काय, की वायरमन सोय बघतो. रोझेट जवळ असतं, तिथूनच दुसरी जोडी काढून वरच्या मजल्यावर नेतो. फोन वाजतो, सगळे खूश. पण त्या फोनला गाळणी नाही, आणि ती २५-३० मीटरची फांदी एरिअलसारखी गोंगाट गोळा करत राहते. फोन काढून टाकला आणि तार तशीच लोंबत ठेवली तरी त्रास पूर्ण जात नाही. मोकळ्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. तार रोझेटमधूनच सोडवा.

फोनची रिंग वाजली किंवा रिसीव्हर उचलला की नेट तुटतं, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के इथेच शोधा. रिंग येते तेव्हा तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. गाळणी नसेल किंवा एखादा सांधा सैल असेल तर तो झटका मॉडेमला सोसत नाही. याच कारणासाठी ओल्या हाताने रोझेट उघडू नका.

रोझेट उघडलंच तर स्क्रूकडे नीट पाहा. तांब्यावर हिरवट थर आला आहे का? मुंग्यांनी घर केलंय का? आमच्या भागात पावसाळ्यात हे नेहमीचंच. टोक कापून अर्धा इंच नवीन तांबं उघडं करायचं आणि घट्ट पिळायचं, पाच मिनिटांचं काम.

मॉडेम लांब नेण्यासाठी फोनची तार वाढवणं

मॉडेम टीव्हीजवळ हवा म्हणून बाजारातली २० मीटर चपटी फोनवायर आणून भिंतीवर ठोकतात. ती वायर पिळाची नसते. पीळ असतो तो शोभेसाठी नाही: दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा आणि एकमेकांत कटावा, यासाठी असतो. चपट्या वायरमध्ये तसं होत नाही. मॉडेम तार घरात शिरते तिथेच ठेवा, फोनवायर दीड-दोन मीटरचीच असू द्या आणि पुढचं अंतर लॅन केबलने कापा. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते.

गोंगाट कोण करतंय ते शोधायला माझ्याकडे एक जुना मीडियम वेव्ह रेडिओ आहे. आकाशवाणी पुणे आपण ७९२ किलोहर्ट्झवर ऐकत आलो, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८वर. म्हणजे रेडिओचा हा पट्टा आणि एडीएसएलच्या डाउनलोडचा पट्टा एकमेकांवर पडलेले आहेत. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावा, मॉडेम आणि फोनवायरच्या आसपास फिरवा आणि घरातली एकेक वस्तू चालू-बंद करा. स्वस्तातला एलईडी दिवा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर, मोबाइलचा हलका चार्जर, यातलं कुणीतरी खर्रर्र करून स्वतःच सांगतं. संध्याकाळनंतर लांबची रेडिओ स्टेशनं जोरात ऐकू येतात, त्यामुळे दिवसा ९ असलेलं मार्जिन रात्री ६ झालं तर घाबरू नका, पण लाइन काठावर आहे एवढं लक्षात घ्या.

वायफायवर वेग मोजून लाइनला दोष देणं

यावर जास्त लिहीत नाही. जांभ्याच्या किंवा दगडी दोन भिंती पलीकडे मोबाइल धरून मोजलेला वेग हा भिंतींचा वेग असतो. लॅन केबल लावून, वायफाय बंद करून, बाकीची उपकरणं बाजूला ठेवून मोजा. आणि प्लॅनमधले एमबीपीएस म्हणजे बिट, डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते बाइट. आठने भागा. ४ एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला ४५० किलोबाइटने उतरत असेल तर सगळं ठीक आहे, उरलेलं वाहतुकीच्या वेष्टणात, म्हणजे डेटासोबत जाणाऱ्या पत्त्यांसारख्या माहितीत, जातं. महिन्याच्या शेवटीच मंदावत असेल तर डेटाची मर्यादा संपली का ते आधी बघा.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे अपलोड. या लाइनीवर वर जायची वाट फारच अरुंद, बऱ्याचदा अर्धा ते एक एमबीपीएस. लग्नाहून आलेल्या पाहुण्याच्या मोबाइलने चारशे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की ती वाट तुंबते. आणि खाली येणाऱ्या प्रत्येक तुकड्याची पोच त्याच वाटेने वर जायची असते, त्यामुळे डाउनलोडही रखडतं. घरात फोटोंचा बॅकअप रात्री उशिरा लावून ठेवा.

पासवर्डही बदला, मॉडेमचा आणि वायफायचा दोन्ही. जुलै २०१७ मध्ये कंपनीचाच मूळ पासवर्ड ठेवलेले बीएसएनएलचे हजारो मॉडेम एका मालवेअरने बंद पाडले होते.

फोन बंद, नेट चालू, म्हणून तक्रार न करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती साधी समजुतीची आहे. डायल टोन नाही, पण नेट हळूहळू चालतंय. लोक म्हणतात, लँडलाइनवर आता बोलतं कोण? राहू दे. पण फोन मुका आणि नेट मंद, ही जोडी दिसली तर बहुधा दोनपैकी एक तार तुटलेली असते. बोलण्याला दोन्ही तारांचं पूर्ण वर्तुळ लागतं. एडीएसएलचा सिग्नल उंच कंपनाचा असल्यामुळे तुटलेल्या जागेवरूनही थोडाफार उडी मारून जातो. म्हणून मॉडेमचा दिवा लागतो आणि आपली फसगत होते. अशी लाइन मॉडेम बदलून, वायफाय बदलून कधीच सुधारणार नाही.

टोन असेल तरी एकदा ऐका. साधा, तारेचा फोन स्प्लिटरला लावा, रिसीव्हर उचला, १ दाबा म्हणजे टोन थांबेल. आता शांतता असली पाहिजे. खरखर, गुंगुं किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर सांध्यात पाणी गेलंय. पावसाळ्यात डीपीपासून (खांबावरच्या तारांच्या पेटीपासून) घरापर्यंतच्या तारेत नुसती पिळून टेप गुंडाळलेले सांधे पहिल्या सरीतच भिजतात. ऊन पडलं की दोन दिवस बरं वाटतं आणि आपण विसरून जातो.

त्याआधी एक खातरजमा कराच. घरातली सगळी वायरिंग सोडवा आणि बाहेरून येणारी तार एकट्या मॉडेमला जोडून आकडे बघा. तेव्हाही वाईटच असतील तर दोष बाहेरचा: डीपी, पिलर (रस्त्याकडेचं तारांचं कपाट) किंवा एक्स्चेंजमधला जम्पर (जोडतार). तेव्हाच सुधारले तर दोष आपल्या भिंतींत आहे.

तक्रार नोंदवताना नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. ‘लाइनवर खरखर आहे, मार्जिन ४, अटेन्युएशन मागच्या महिन्यात ३६ होतं ते आता ४९’ असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हटलं जायचं. २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळालं तरच ते ब्रॉडबँड, हेही ठाऊक असू द्या. अटेन्युएशन मुळातच ६०च्या पुढे असेल आणि गल्लीत फायबर आलं असेल, तर तांब्यावर आणखी पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

लाइनमन आला की त्याला वहीतले आकडे दाखवा. खांबावर चढणाऱ्या माणसाला कुठे हात घालायचा ते त्यातून चटकन कळतं. सांधा नवीन करणार असेल तर टेपऐवजी जेली भरलेला कनेक्टर आहे का ते विचारा. आणि तो खाली उतरल्यावर लगेच निघू देऊ नका. चहा टाका, तोवर मॉडेम लाइनला लागतो. पान पुन्हा उघडा, तिन्ही आकडे तारखेसह जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा आणि मगच त्याच्या कागदावर सही करा.