कपाशीची फवारणी सुरू आहे, गरोदर बाई आणि लेकरांना जपा

ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीवर तुडतुडे, फुलकिडे आणि पाठोपाठ गुलाबी बोंडअळी येते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून हातमोजे आणि मास्कची चर्चा होते. ती हवीच. पण ज्याने पंपाला हातही लावला नाही, त्या पोटातल्या बाळाचा विचार फारसा होत नाही.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात, आणि माणसाच्याही. आईच्या रक्तातून ती बाळापर्यंत पोचतात. हे विष निकामी करणारं विकर (एन्झाइम) तान्ह्या बाळात मोठ्यांपेक्षा खूप कमी असतं. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात 1999 पासून शेतमजूर कुटुंबांतल्या मातांचा अभ्यास झाला. गरोदरपणी ज्यांच्या लघवीत या औषधांचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी 7 गुणांनी कमी भरला. असं नुकसान घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला औषध कालवायला, पाणी भरून द्यायला लावू नका. फवारलेल्या वावरात निंदणीलाही लगेच पाठवू नका. लेबलवर दिलेला काळ पाळा, तो नसेल तर निदान दोन दिवस थांबा. बांधावर झोळी बांधायची सवय फवारणीच्या दिवसांत मोडाच.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते कपड्यांकडे. फवारून आलेला बाप लेकराला तसाच उचलून घेतो, आणि बाहीवरचं औषध त्याच्या गालाला लागतं. आधी गोठ्यापाशी कपडे उतरवा, साबणाने अंघोळ करा, मग घरात या. ते कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, ज्याने फवारलं त्यानेच धुवावेत. रिकाम्या डब्यात तेल-पाणी भरू नका. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच नको, पोरं ती तोंडाला लावतात.

फवारे कमी झाले तर धोकाही घटतो. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावा. सलग 3 रात्री, दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग सापडले, तरच बोंडअळीसाठी पंप काढा.

लेकराच्या तोंडातून लाळ गळू लागली, घाम सुटला, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा. उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलसकट डॉक्टरांना दाखवा.